अस्वलाला आडवी गेलेली गाडी

कुरखेडा
२० मार्च २०२४

ती. इंदुताईस,
हरिदासचा सा. नमस्कार. वि. वि. इकडे आम्ही सारे बरे, तिकडची खुशाली कळव.

तुह्या कानाचं तुह्या पोरानं, प्रफुलनं सांगतलं. मशीन लावूनही फोनवरचं बोलणं कळत नाई म्हणे. तर आता आपण पत्रच लिहू. मले बरंच वाटलं. फोनवर तू मले बोलूच देत नवती.

एक गंमत सांगतो. वडशाच्या एका लाकूड ठेकेदाराचा बंगला रिकामा होऊन राह्यला होता. माह्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाची आठवण ठेवून त्यांनी एक खोकं पाठवलं. मले वाटलं, एखादा जुना ट्रान्झिस्टर असन. आत निघाली रिमोटवरची बग्गी. पोट्ट्यायचं खेळणं नोहे, ताई. दगडमातीतून, बांधावरून उड्या मारत जाणारी, चाळीस वर्षांखालची जपानी गाडी. टायर भेगाळले होते, गिअरच्या डब्यातलं ग्रीस वाळून दगड झालं होतं, सेलच्या जागी हिरवी बुरशी होती. एका गिअरचा दात मोडला होता. तसाच गिअर बिघडलेल्या प्रिंटरमधी सापडला. मोटरले मिक्सरचे कार्बन घासून बसवले, शॉकअपमधी शिलाई मशीनचं तेल भरलं. वरचा टप फुटला होता, तो तेलाच्या पिवळ्या डब्याचा पत्रा कापून नवा केला. बॅटरी आजकालची टाकली, म्हणून पहिल्यापेक्षा जास्तच पळते. आवाज मात्र लय करते.

मनकर्णा म्हणते, दुकान बंद झालं तं वाटलं माणूस आता घरात दिसन. मोहफूल पडणं सुरू झालं आहे. ते सकाळी आपल्या शेतावरच्या मोहाखाली वेचत राह्यते, मी बाजूच्या धानाच्या रिकाम्या बांधीत गाडी चालवतो. दोघंही खूश.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा,
हरिदास

सिरोंचा
२८ मार्च २०२४

चि. हरिदासास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. भावानं गाडी घेतली म्हणून शेजारच्या लक्ष्मम्माला सांगितलं, तर तिनं आधी विचारलं, किती माणसं बसतात. खरं सांगितल्यावर ती तेलुगूत जे बोलली ते लिहीत नाही. साठी उलटलेल्या माणसानं ऐकू नये.

थट्टा सोड. मोहाच्या दिवसात फुलं खायला अस्वलं येतात, हे तुला मी सांगायला नको. तुझी गाडी एवढा आवाज करते तर मनकर्णेला बाजूचं काय ऐकू येणार? तिच्यापासून लांब चालव. आणि तिला एकटी वेचायला बसवू नको. तुमच्या शेजारची नीलाबाई सोबत जाते का? तुझ्या दिव्यानीची परीक्षा कशी झाली तेही लिही.

सारे सांभाळून राहा आणि म्हाताऱ्या बहिणीला विसरू नका.
तुझी ताई,
इंदू

गडचिरोली
८ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
दिव्यानीचा सा. नमस्कार.

प्रफुलदादाला फोनवर कळवलं होतंच. पण तुम्हाला सगळं नीट लिहून हवं आहे, असं तो म्हणाला. दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

बाबा आता धोक्याबाहेर आहेत. अस्वलानं उजवा हात आणि खांदा फाडला. चेहरा वाचला, हे नशीबच, असं इथले डॉक्टर म्हणतात.

शुक्रवारी सकाळी आई मोहाखाली वेचत होती. नीलाबाई पलीकडच्या झाडाखाली होत्या. बाबा बांधावर उभे राहून गाडी चालवत होते. तेवढ्यात त्यांना आईच्या अगदी जवळ अस्वल दिसलं, पाठीवर पिल्लं घेतलेलं. त्यांना ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच निघाला नाही म्हणतात. हातात रिमोट होता. त्यांनी गाडी सरळ आईच्या आणि अस्वलाच्या मधून घातली. अस्वल दोन पायांवर उभं झालं आणि गाडीमागं धावलं. घाबरलेल्या बाबांनी गाडी स्वतःकडेच वळवली. ती येताना मागून अस्वल येईल, हे त्यांना सुचलंच नाही. अस्वलानं एका पंजात गाडी चेपली आणि मग बाबांवर गेलं.

आणि आत्या, आई पळाली नाही. ती काठी घेऊन त्याच्या अंगावर धावली. नाकावर काठी मोडली तेव्हा ते पिल्लांसकट जंगलात गेलं. नीलाबाईंनी गावातून माणसं आणेपर्यंत ती बाबांचा हात लुगड्यानं बांधून बसली होती.

आता दवाखान्यात रांग लागते. बाबांनी आईला वाचवलं, म्हणून सगळे पाया पडतात. पेपरवाला येऊन चेपलेल्या गाडीसोबत फोटो काढून गेला. बाबा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतात. मलाही अभिमान वाटतो. फक्त आई गप्प आहे. धक्का बसला असेल.

तुमचा हात आमच्या डोक्यावर असाच राहू द्या.
तुमची,
दिव्यानी

कुरखेडा
१९ एप्रिल २०२४

ती. इंदुबाईले,
मनकर्णाचा नमस्कार. वि. वि.

मी कधी पत्र लिहिलं नाई, चुका पोटात घाला. यांले घरी आणलं. जेवण बरं आहे, झोप बरी आहे.

बाई, एक गोष्ट छातीवर बसली आहे. मले ते अस्वल आधीच दिसलं होतं. मोहाच्या दिवसात आमाले ते नवीन नाई. ते एका झाडाखाली खाते, आपण पाठ न दाखवता हळूच मागं सरकायचं. मी तशीच सरकून राह्यली होती. नीलाबाईनंही पाह्यलं, तेही गप उभी राह्यली. अस्वलाचं लक्ष फुलात होतं. अजून थोडं सरकली असती तं मी बांधावर पोचली असती. तेवढ्यात ते गाडी किंचाळत आली. मग तुमाले माहीत आहे.

आता लोक म्हणतात, नवरा असावा तं असा. मी मान हलवते. यायच्या तोंडावर इतका आनंद असते, बाई, की दुखणंही विसरून जाते. तो आनंद मी कशी काढून घेऊ? नीलाबाईले मी शपथ घातली आहे.

आणखी एक. माहे पाय तं घराकडे जाऊन राह्यले होते. मंग मी उलटी काऊन धावली, मले आठवतच नाई. मोडलेली काठी हातात दिसली तवा कळलं. त्या बाईले मी ओळखत नाई. तिचं मले अस्वलापेक्षा भेव वाटते.

सांगू का नको, तुमीच सांगा. लेकीसारखं जवळ धरा.
तुमची,
मनकर्णा

सिरोंचा
२६ एप्रिल २०२४

चि. सौ. मनकर्णेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पीठ मळायची थांबले ती थांबलेच. दिव्यानीचं पत्र वाचून मीही इथं चार घरी भावाचं कौतुक सांगून आले होते.

सांगून टाक. लोकांपुढं नको, दोघंच असताना. त्याचा आनंद जाईल, मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षीही मोह फुलेल आणि तू वेचायला जाशील. त्यानं पुन्हा हेच केलं तर? या वेळी तो वाचला, कारण तू होतीस. आपण बरोबर केलं असं वाटणारा माणूस तेच पुन्हा करतो.

राहिली ती बाई. ती तूच आहेस. भिऊ नको तिला.

काय होईल ते मला कळव, मी वाटेकडे डोळे लावून आहे.
तुझी,
इंदुताई

कुरखेडा
२ जून २०२४

ती. इंदुताईस,
हरिदासचा सा. नमस्कार. अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नको.

मनकर्णानं सांगतलं. दिव्यानी कॉलेजात गेली होती. ते माह्या हाताची पट्टी बदलवत होती, तशातच बोलली. मान वर केली नाई. अस्वलानं धरलं तवा मी इतका हादरलो नवतो. पहिले मले राग आला. म्हटलं, मंग तवाच काऊन नाई सांगतलं? मंग आठवलं, मी कोणाले बोलूच कुठी देत होतो. जो येईन त्याले मी तेच सांगत होतो आणि दर खेपेले अस्वल थोडं मोठं करत होतो. माह्या हातानं मी तिच्या अंगावर मरण सोडलं असतं.

शेवटी तिले इतकंच विचारलं, तू सुटली होती, मंग परत काऊन आली.

ते म्हणाली, "तुमच्या हाती काठी नवती, रिमोटची डबी होती. मंग कोण येणार?"

आता जो भेटायले येते त्याले मी खरं सांगतो. लोकायले आवडत नाई. सरपंच तं म्हणाले, पहिली गोष्ट बरी होती.

उजव्या अंगठ्यात आता जोर येणार नाई, डॉक्टरनं साफ सांगतलं. गाडी मी कोपऱ्यात फेकली होती. मनकर्णानंच ते माह्यापुढं आणून ठेवली. म्हणाली, रिकामे बसाल तं माहं डोकं खाल. मंग दोघांनी मिळून केली. मी सांगतलं तसं तिनं पेच कसले, चेपलेला सांगाडा काढून अॅल्युमिनियमच्या जुन्या पाटीचा नवा कापला. तिचा हात माह्यापेक्षा सरळ चालते, हाही मले एक धक्काच.

तरी चालवायचं कसं? या रिमोटले दोन दांड्या. डावीनं वेग, उजवीनं वळण. वेग मी देऊ शकतो, वळवू शकत नाई. तर काल अंगणात आम्ही दोघं खाटेवर बसलो, रिमोट दोघांच्या मधात. डावी दांडी माह्या हाती, उजवी तिच्या. मी वेग देला आणि गाडी सरळ न्हाणीच्या भिंतीवर गेली. मी म्हटलं, वळवली काऊन नाई. ते म्हणाली, "सांगाल तं वळवीन. तोंड उघडा."

मंग मी सांगू लागलो. डावीकडे, उजवीकडे, अवं थांब थांब. गाडी कोंबड्यायमधी घुसली, तवा मी इतक्या जोरानं ओरडलो की दिव्यानी घरातून धावत आली, काय झालं म्हणून. मनकर्णा हसून राह्यली होती. त्या सकाळपासून मी तिले हसताना पाह्यलं नवतं.

आज पुन्हा बसणार आहो. तू पावसाळ्याआधी येऊन जा, तुह्यासाठी खाटेवर जागा ठेवतो.
तुहा,
हरिदास