फोटोतला पावणा

१२ जानेवारी २००४, सोमवार
आज ऑफिसात तिसरी सीडी लावली. इंग्लंडमधल्या डॉर्सेट कौंटीचे शंभर वर्षांपूर्वीचे फोटो. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने जे लिहिलंय ते टाइप करायचं, एवढंच काम. गिरणी. लोहारशाळा. दुधाची गाडी, मागे कुत्रा. दारात उभी बाई, नाव माहीत नाही. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर बसून मला त्या गावातली पोस्टापासून चर्चपर्यंतची वाट पाठ झाली आहे.
घरी आल्यावर आई म्हणाली, "पुण्यानुमोदन आठ फेब्रुवारीला ठरलंय. भंतेजींना सांगितलं. तू फोटूचं बघ."
अण्णांना जाऊन वर्ष होईल. बाप गेला तरी रडू अजून आलेलं नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहून ठेवते.

१५ जाने., गुरुवार
अण्णांचा फोटोच नाही. आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला, आणि नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत मान खाली. मतदार ओळखपत्रावर नुसता डाग. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "मी म्होरं आलो तर कॅमेऱ्यामागं कोण?"
स्टुडिओची जागा फेब्रुवारीअखेर सोडायची. सगळ्या निगेटिव्ह हुपरीचा एक माणूस नेणार. धुऊन त्यातली चांदी काढतात. त्याआधी एकदा सगळं बघून घेईन.

१८ जाने., रविवार
दिवसभर स्टुडिओत. पाकिटांवर नुसते नंबर. नावं अण्णांच्या डोक्यात होती. जोतिबाहून आलेलं जोडपं, गुलालासकट. कळंबा जेलचा शिपाई, नवी टोपी. पेठ वडगावची कुणी मुलगी, लग्न ठरवायला काढलेला फोटो. सगळे माझ्याकडे बघतात. मी पुढचं पाकीट उघडते.
शाळेत घालायच्या आधी अण्णांनी मला इथेच रिटचिंगच्या पेन्सिलीला टोक काढायला शिकवलं. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की प्रिंटवर तेवढी जागा उजळते. वांग, फोड, व्रण, सगळं जातं. म्हणायचे, "तोंडाचं आपण काय बी करू शकतो. माणूस वळखायचा तर कान बघ."

२१ जाने., बुधवार
एका चर्चच्या फोटोत वरून गेलेल्या टेलिग्राफच्या तारा कुणीतरी खोडून आभाळ मोकळं केलंय. रिटचिंग लगेच दिसतं मला. मजकुराखाली टाइप केलं, 'तारा खोडलेल्या आहेत.' आमचे सुपरवायझर मगदूम सर मागे येऊन उभे.
"तुला कुणी इचारलं काय? मागं लिवलंय तेवढंच टाइप कर. शहाणपणा घरी."
ओळ काढून टाकली. बसमध्ये तोच विचार. तारा होत्या. कुणीतरी त्या नको म्हणून काढल्या. दोन्ही खरं. मग मी ओळ काढून टाकली ते काय?

२५ जाने., रविवार
अण्णा सापडले. बहुतेक.
निगेटिव्ह जुन्या पद्धतीची, हाफ प्लेटची काच आहे, फिल्म नव्हे. विशीतला मुलगा, दुसऱ्याचा असावा असा कोट. अंधारखोलीत प्रिंट काढली. कागद जुना, राखाडी आला. डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, अण्णांची होती तशीच. पण चेहरा गुळगुळीत. अण्णांच्या चेहऱ्यावर लहानपणीच्या देवीचे व्रण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत.
आईने प्रिंट खिडकीशी नेऊन बघितली. "ह्यो न्हवं." माझ्या हातात परत दिली आणि तांदूळ निवडायला बसली.

२९ जाने., गुरुवार
हुपरीचा माणूस सांगितल्यापेक्षा आधीच आला. ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकून गेले. माझे निम्मे खोकेसुद्धा बघून झाले नव्हते. थांबा म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. पोती टेम्पोत गेली.
तो म्हणाला, "ताई, तुमचं कोण हाय काय ह्यात?"
"नाही," म्हटलं.
ती एक काच माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली.

२ फेब्रु., सोमवार
सकाळी काच खिडकीत तिरकी धरली. पेन्सिल! गालांवर, नाकावर, कपाळभर. स्वल्पविरामाएवढे बारीक फटकारे, तेही डावीकडे झुकलेले. असे फक्त अण्णाच मारायचे. स्वतःचे व्रण स्वतःच झाकलेत.
आई भाकरी थापत होती. सांगितलं. थापायची थांबली नाही.
"ठावं हाय मला. ह्योच फोटू आमच्या घरी पाठवलता. मग मला बघायला आले, तवा मी आतनं भनीला म्हटलं, फोटूतला पावणा मागनं येतोय व्हय? त्यांनी ऐकलं."
"मग?"
"हसले की! एवढं हसले, चहा सांडला कोटावर. म्हणून तर हो म्हटलं मी."
भाकरी उलटली. मग म्हणाली, "मी ज्याच्यासंगट ऱ्हायली तो लाव भिंतीवर. ह्या गुळगुळीताला मी वळखत न्हाय."

५ फेब्रु., गुरुवार
रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. कापसाने हलकं पुसलं की पेन्सिल निघते, हेही अण्णांनीच शिकवलेलं. खाली व्रण असतील. पण काच जुनी आहे. वरचा थर सुटला तर दोन्ही चेहरे जातील.
आणि त्यांच्या हातचं काम आता एवढंच उरलंय. बाकीचं हुपरीला.
ऑफिसात ती दारातली बाई पुन्हा आली, दुसऱ्या फोटोत. या वेळी मागे नाव आहे. कान तोच. पहिल्या फोटोपुढे ते नाव घालावं का, बराच वेळ बसले. मगदूम सर जागेवर नव्हते. तरी घातलं नाही.

७ फेब्रु., शनिवार
उद्या कार्यक्रम. आईने बुद्धांच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकून घेतलाय. हारसुद्धा सांगून ठेवला. प्रिंट आणि फ्रेम आज संध्याकाळपर्यंत व्हायला हवी. एका प्रिंटपुरतं डेव्हलपर आहे.
स्टुडिओतल्या टेबलावर काच ठेवली. आधी कोपऱ्यात, कोटाच्या बाहीवर टर्पेंटाइन लावून बघितलं, जिथे पेन्सिल नाही. थर टिकला. मग कापूस गालाजवळ नेला.
दुपारी आईच डबा घेऊन आली. दारातूनच, "झालं का गं?"
"काच वाळायला ठेवलीय," म्हटलं.
ती स्टुलावर बसली, ग्राहकाच्या. मी डबा उघडला. कापूस केव्हाच वाळलाय. चेहऱ्यावर काच ओली झालेलीच नाही.