करीमभाईचं म्यान

अनसिंग. माघ वद्य पंचमी, सोमवार, दिवेलागण.

आज कशातच जीव लागत नाही. वेलांचे बंध कापायच्या सुरीला सकाळी धार लावली. दगडावर पाणी शिंपडून इतकी घासली, की नखावर टेकवली तर रुतली. जुनं लाकडी म्यान फुटलेलं, म्हणून जोडे शिवणाऱ्या करीमभाईनं आपणहून चामड्याचं शिवून आणलं. लाल दोऱ्याची टीप, काय बारीक!

आणि मी काय म्हणालो? "करीमभाई, पानमळ्यात चामडं चालत नाही. जोडेसुद्धा आमी फाटकाबाहेर काढतो. याले आत कसं नेऊ?"

"बराबर हाये, भाऊ. माह्या ध्यानातच नाही आलं." म्यान खिशात घालून तो गेला. पाणीसुद्धा प्याला नाही.

खोटं कुठं बोललो मी? रीतच आहे, वेल नासतात म्हणतात. मग काहून टोचतंय? सुरी फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली, तर दुपारपर्यंत तिनं फडकंही कापलं अन् धोतरही. तो लाल दोरा काही डोळ्यांपुढून हलत नाही.

मघाशी मळ्यातल्या विहिरीवर मोट गळताना दिसली. बायको म्हणाली, "करीमभाईलेच बोलवा उद्या. त्याहीनंच शिवली होती ना?"

त्यानंच. चामड्याची मोट, त्याच्या हातची, आणि तिच्याच पाण्यावर माझे वेल इतके वाढले. निरोप धाडलाय. येईल तो.

आणि जोडे फाटकाबाहेरच काढेल.