दाजींचा ताफा मागनं फोडायचा

रविवार, संध्याकाळ

दाजींनी आज फोनवरच्या खेळात माझा सगळा ताफा जाळला. जाळला ते जाळला, वर मटणातली नळी चोखत सगळ्यांसमोर हसले. जावई म्हणून नळी आईनं त्यांनाच वाढलेली. माझ्या वाटणीला नुसता रस्सा.

मी जहाजांवर लेसर लावले, तिथंच फसलो. लेसरचा नेम चुकत नाही, पण दाजींच्या ढाली तो पाण्यासारखा पिऊन टाकतात. तोफेचा गोळा ढालीला जुमानत नाही, पण त्यासाठी अगदी जवळ जायला लागतं आणि तोवर माझं जहाज उरतंय कुठं? राहिली क्षेपणास्त्रं. ती लांबूनही ढाल भेदतात, पण दाजींच्या बारक्या बंदुका त्यांना वाटेतच पाडतात. मग मारायचं कशानं? आणि ते हसणं! नळी हातात धरून!

भांडी घासताना ताईला म्हटलं, "पुढच्या खेपेला तुझ्या नवऱ्याला सोडत न्हाय." वाटलं, चिडेल. जावयाला हरवायचं नाही हा आमच्या घरचा रिवाज. कॅरम खेळताना बाबासुद्धा मुद्दाम राणी सोडतात.

ताईनं आधी बाहेरच्या खोलीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "त्यांच्या सगळ्या बंदुका पुढच्या तोंडाला हाईत. क्षेपणास्त्रं मागनं सोड की."

"तुला कसं म्हाईत?"

"रोज शेजारी बसून बघतोय न्हवं मी." तिनं दाजींचं ताट खसाखसा घासलं. "आणि सोडू नकोस त्यास्नी. ती नळी मलाबी कवा मिळाली न्हाय."