खाचर पाण्याखाली, भांडण कोरडं

पवनाकाठ,
वैशाखातला रविवार, दुपार

तीर्थस्वरूप सौ. धोंडाआत्याच्या पायांवर अमृतचं डोकं.

मामांचा खोकला उतरला असेल, तुझा गुडघा तुला जिना चढू देत असेल आणि म्हैस व्याली असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहिलेलं चालत नाही. पत्र अशासाठी की फोनवर आबांचं नाव काढलं की तुला लगेच ‘आवाज येत न्हाई’ होतं, आणि तात्यांचं काढलं की ओतूरची रेंजच जाते. कागदाला ती सोय नाही. मामांनी मोठ्याने वाचून दाखवावं. मधले कंस गाळले तरी चालतील (गाळू नयेत).

तर आबा आणि तात्या धरणात बुडी मारून आले. घाबरू नकोस, आले असं लिहिलंय.

ही भानगड परवाच मला माझ्या कोमलच्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यापासून सांगावी लागली. तुला ती तोंडपाठ आहे, पण माझी जीभ आता त्याच रुळावर बसलीय, म्हणून तशीच लिहितो. माझे वडील रखमाजी, म्हणजे आबा, आणि चुलते हौशीराम, म्हणजे तात्या, हे सख्खे भाऊ. दोघांच्या भातखाचरांमध्ये एक बांध आणि बांधावर शेंदूर फासलेला हद्दीचा दगड. तो तात्यांनी हातभर आत सरकवला असं आबा म्हणतात, आबांनीच तो हातभर बाहेर लोटला असं तात्या म्हणतात. त्यावरून बोलणं बंद. पुढे धरण झालं. खाचरं, बांध, दगड, सगळं पाण्याखाली गेलं. जमीन बुडाली, भांडण तेवढं कोरडं राहिलं. वर येऊन दोघांनी समोरासमोर घरं बांधली आणि दारं एकमेकांकडे पाठ करून ठेवली. व्याह्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण ती जमीन आहे कुठं?” मी पाण्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, चहा द्या.

दोघं एका ताटात जेवतील तेव्हाच माहेरचा उंबरा ओलांडीन, हा तुझा पण. आणि धोंडाआत्या आल्याशिवाय मी हळदीला बसत नाही, हा कोमलचा. (हट्ट आपल्या घराण्यात पोरींना जास्त येतो, असं आमची ही, राजेश्वरी, म्हणते. ती बाहेरून आलेली असल्यामुळे तिला बोलता येतं.) मधल्या मध्ये मी. आबांनी सांगायचं, “त्याला सांग, म्हशी आवर.” मी पाच पावलं चालायचं. तात्यांनी सांगायचं, “त्याला सांग, न्हाई आवरत.” मी पाच पावलं परत यायचं. दोघांनाही दोन्ही वेळा ऐकू आलेलं असतं.

अशात यंदा आसावरी आली. ही तळेगावची, पाण्यात बुडायचं शिकवते. म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि तळाला हिंडून यायचं. त्याला स्कूबा म्हणतात. समुद्रात जाण्याआधी लोक तिच्याकडे गोड्या पाण्यात सराव करतात. आपल्या पाण्यात दिसतं काय, तर चिखल, आणि तोही नशीब चांगलं असेल तर. तिने परवानगीचे सोपस्कार उरकले, पर्यटकांना देतो ते माझे तंबू भाड्याने घेतले आणि टाक्या आमच्या गोठ्यात ठेवल्या. आबांना वाटलं गॅसच्या आहेत, म्हणून चार दिवस त्यांनी गोठ्याकडे बिडी नेली नाही. पहिल्याच दिवशी तिने त्यांना प्रेमाने समजावलं, “आबा, गोड्या पाण्यात माणूस समुद्रापेक्षा लवकर बुडतो.” आबा म्हणाले, “बाय, आमची आख्खी घरं बुडाली हितं. आमाला काय सांगतीस?”

एवढ्यावर थांबलं असतं. पण आबांनी सहज विचारलं, तळाला काय असतं? आणि ती बिचारी सहज बोलून गेली, “झाडांचे बुंधे असतात, कधीकधी जुने बांध.”

बांध! आत्या, मी पातेलं घेऊन तिथेच उभा होतो. आबांचा चेहरा बघून मी पातेलं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी तिला काठावर नेऊन जागा दाखवली. वैशाखात पाणी उतरतं, तरी त्या जागेवर दोन पुरुष पाणी राहतंच. ती खाली गेली, वर आली, म्हणाली, बांध आहे, त्यावर दगड आहेत. आबा म्हणाले, त्यातला आमचा कंचा? ती म्हणाली, सगळे हिरवे आहेत. समोर तात्या म्हैस धूत होते (ती म्हैस हल्ली दिवसातून इतक्यांदा धुतली जाते की उजळ दिसायला लागलीय). ते म्हशीला म्हणाले, “त्येंच्या पावण्यांना त्येंचाच दगड घावायचा.” आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “त्याला सांग, मी सोता जातो.” तात्या म्हशीला म्हणाले, “ह्यो गेला तर मी बी जाणार. खाली कुनी बघत न्हाई म्हनून सरकवल त्यो दगड.”

पंचाहत्तरी ओलांडलेली माणसं, आत्या! मला वाटलं आसावरी हसून सोडून देईल. पण ती शिकवणारी बाई, तिला कुणी शिकायला आलं की आनंदच होतो. तिने दोन अटी घातल्या. कामशेतच्या डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे, आणि पाण्यात कुणी एकटं जायचं नाही. जोडी पाहिजे. जोडीदाराने जोडीदारावरची नजर काढायची नाही. (इतक्या वर्षांत जे गावच्या पंचांना जमलं नाही, ते तिने नियम म्हणून सांगून टाकलं.) मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं, माझ्या मोटारसायकलवरून, वेगवेगळ्या खेपांनी. ब्लडप्रेशर दोघांचंही उत्तम निघालं. माझं वाढलेलं निघालं. गोळी मला चालू झाली.

मग तात्यांची मिशी. मास्क नाकावरून घट्ट बसतो, खाली मिशी असली की फटीतून पाणी शिरतं. आसावरी म्हणाली, थोडी कातरली तरी चालेल. तात्यांना थोडं कातरणं कधी जमलंय? घरात गेले आणि सफाचट करून बाहेर आले. दुपारपर्यंत भाजे आणि मळवलीकडची माणसं उपरणी टाकून दारात हजर! “कोण गेलं?” तात्या म्हणाले, “अजून कुनी न्हाई. उद्या बगू.” आलेल्यांना चहा राजेश्वरीनेच केला, कारण तात्यांच्या यशोधराकाकू तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि लोकांना ते रडणं वाटत होतं.

रबरी सूट अंगात चढता चढत नाही. आबा धोतर सोडायला तयार नव्हते. मग खाली हाफ पँट, वर साबणाचं पाणी, आणि मी एका पायाला, आसावरीचा एक शिष्य दुसऱ्या पायाला, असं करून आबांना त्यात भरलं. पाण्यात बोलता येत नाही, खुणा करायच्या. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरवलंय, त्यांना याहून सोयीचं ठिकाण नाही, असं मला वाटलं. मी मूर्ख. अंगठा वर केला की अर्थ ‘वर चला’. आबांना नातवंडांच्या मोबाईलमुळे तो अर्थ ‘झकास’ असा माहीत. कंबरभर पाण्यातून डोकं आत घातलं, आबांनी खूश होऊन अंगठा दाखवला, सगळे वर. पुन्हा समजावलं. पुन्हा आत. आता आसावरीने अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला. म्हणजे ‘ठीक ना?’ आबांना वाटलं, चिमूटभर तंबाखू मागतेय. त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘काहीतरी बिघडलंय’. सगळे वर. आबा माझ्यावरच ओरडले, “पान्यात तंबाकू कुटनं आनू?”

असे दोन दिवस काढून शेवटी तिसऱ्या सकाळी तिघं खाली गेले. आसावरी मध्ये, एका हातात आबा, दुसऱ्यात तात्या. काठावरून फक्त बुडबुडे दिसतात. तीन ठिकाणी बुडबुडे येत होते, मी ते बघत होतो. मग ते दोनच ठिकाणी यायला लागले.

आत्या, तेव्हा मला एकही कंस सुचला नाही.

खाली काय झालं ते आसावरीने नंतर सांगितलं. आबांचा हात एका दगडाला लागला. तो हातभर कुणाच्या बाजूला होता देव जाणे, पण आबांची खात्री पटली आणि त्यांनी तात्यांना शिवी देण्यासाठी तोंड उघडलं. नळी सुटली. तोंडात पाणी गेलं. प्रत्येक टाकीला एक जादा पिवळी नळी असते, जोडीदाराला अडचणीत द्यायला. आसावरी स्वतःची काढते न काढते तोच तात्यांनी आपली आबांच्या तोंडात कोंबली होती, आणि दुसऱ्या हाताने त्यांची मान धरली होती, आजारी वासराला औषध पाजताना धरतात तशी. एकाच टाकीतली हवा ओढत दोघं हळूहळू वर आले. मी कपड्यांसकट गळ्याइतक्या पाण्यात पोचलो होतो, त्यामुळे पहिलं बोलणं मी या कानांनी ऐकलं.

तात्या म्हणाले, “दम धर, दादा. खोकून घे. मी हाये.”

आबा खूप वेळ खोकले. मास्क वर सारला आणि तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कैक वर्षांनी नीट बघत असावेत. म्हणाले, “आरं, तुजी मिशी कुटं गेली?”

“तुज्यापायी गेली.”

“बायकूगत दिसतुस.”

“आन तू रं? भिजल्याली घूस.”

झालं. तेव्हापासून दोघं बोलतायत. सकाळी आबांच्या ओट्यावर, दुपारी तात्यांच्या. एका ताटात जेवले, मी फोटो काढलाय, तू आलीस की दाखवतो. मला आता कुणी निरोप देत नाही. मी समोरून गेलो तर “मदी मदी काय करतुयास?” म्हणतात. एवढ्या वर्षांच्या माझ्या पाच-पाच पावलांचं कुणाला काही नाही. असो. तुझा पण फिटला. मामांना घेऊन हळदीच्या आठ दिवस आधीच ये.

तुझा,
अमृत

ता. क. येताना तुझी उंची, वजन आणि पायाचं माप कळव. दात घरचे की बसवलेले, तेही. आसावरीला सूट आणायचाय. घाबरू नकोस, मी अजून हो म्हटलेलं नाही. झालंय असं की दोघांचं आता एकमत झालंय: दगड आबांनीही हलवला नाही आणि तात्यांनीही नाही. तू लहानपणी शेळ्या घेऊन तिथे असायचीस आणि भातुकलीच्या चुलीला तुला तिसरा दगड कमी पडत होता. “तिच्या नावातच धोंडा,” असं आबा म्हणाले, तर तात्या हसता हसता ओट्यावरून पडले. आता जागा दाखवायला तुलाच खाली न्यायचं म्हणतात.

ता. क. २. हे खरं काम, आणि हे मामांनी हळू वाचावं. पाण्यात कुणी कुणाला वाचवलं यावरून आज सकाळी दोघांचा आवाज चढलाय. ‘मान मी धरली’ आणि ‘मान मी धरू दिली’ इथवर गेलंय. तेव्हा आत्या, तुझ्या पाया पडतो, दगड मीच नेला असं कबूल करून टाक. दोघं मिळून तुझ्यावर ओरडतील, पण मिळून ओरडतील. आणि खरोखरच तू नेला असशील, तर कुठे ठेवलास ते मात्र कुणाला सांगू नकोस. दगड सापडला की पुन्हा बांध आला.