घरची हाक

जनावर विकलं तरी दावं घरात ठेवायचं आणि घरची हाक परक्याला द्यायची न्हाय, हा तुमचा नियम आधी चुलीत घाला, आबा. त्या नियमापायी माझ्या घोडीनं कबनूरला फुकटचा चाबूक खाल्ला. बाकी बरे हायसा न्हवं? बरेच असणार. तिकडं कोण घोडी विकायला सांगतंय तुमाला.

माझ्या पोराला कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली, तिथंच त्यानं बिऱ्हाड केलं. शर्यतीची गाडी हाकायला घरात कुणी उरलं न्हाय. "आई, पळायच्या वयात तिला खुंट्याला बांधून म्हातारी करतीस व्हय?" म्हणाला. खरं बोलला, म्हणून जास्त राग आला. कबनूरचा गाडीवान येऊन घोडी घेऊन गेला. तुमी शिकवल्यासारखं तिचं दावं मी सोडून घेतलं. ते खुंटीला हाय. गोठ्यात आता तेवढंच हाय.

हाक मात्र दिली न्हाय. तुमी मला चौथीतनं काढलासा आणि शाळेच्या बदल्यात ती हाक दिलासा. जीभ टाळूला लावून दोनदा टकटक, मग लांब सुरात "हो बायऽ". एकदा मैत्रिणींपुढं मारून दाखवली, तर तुमची घोडी खुंटा उपटून तिथं हजर. चारचौघांत माझा कान पिळलासा. "भर शर्यतीत दुसऱ्या कुणी ही हाक मारून घोडी थांबवली तर तुझा बा काय करंल गं?" तेव्हापास्नं ती हाक मी घराबाहेर काढली न्हवती.

मग गाडीवानाचा फोन आला. "आज्जी, तुमची घोडी गाडीला उभीच ऱ्हाईना. फटकं दिऊन हात दुखाया लागला आमचा."

म्हटलं, "मोडला तुझा हात. फोन कानाला नीट लाव." आणि दिली हाक. दोनदा म्हणून घेतली त्याच्याकडनं.

परवा परत फोन. "आज्जी, आता माझ्या हाकेला पळत येती की! काल पहिली आली शर्यतीत!" मी "बरं झालं" म्हटलं, फोन ठेवला. बरंच झालं. त्या दिवशी कुणाशी बोलले न्हाय. बोलायला हाय तरी कोण.

तवापास्नं एकच संध्याकाळ डोक्यात हाय. तुमची घोडी विकून वर्ष झाल्यावर तुमी तिला बघायला गेलतासा. दिवेलागणीला येतासा. आई भाकरी थापतीया, मी चुलीत जाळ सारतीया. "लांबनंच कान टवकारलं तिनं. ओळखलं मला," म्हणतासा, आणि ताटातल्या भाकरीला हात लावत न्हाईसा. आई तुमच्याकडं बघती, आणि ताट उचलून झाकून ठेवती. परत कधी तिकडं गेला न्हाईसा. ओळखलं असतं तर गेला असतासा की.

पोरगं म्हणतंय, "मोटारसायकलवरनं कबनूरला नेतो, चल." मी गुडघा दुखतोय म्हणते. गुडघ्याला काय बी झालं न्हाय.

हे पत्र धाडायचं कुठं? वर तुमा दोघांचा पत्ता कुणाला ठावं. दाव्याशेजारी खुंटीला अडकवते. त्या घोडीनं तुमाला खरंच ओळखलं होतं का, एवढंच पायजे. उत्तर आईनं द्यायचं. तुमी मधी बोलायचं न्हाय.