जवळजवळ दीड कोस

हळदवाडी, जळकोटजवळ
वैशाख महिना

तीर्थरूप अनंतमामांच्या चरणी रेणुकादासाचा नमस्कार. (लाजेनं मान आधीच खाली आहे, त्यामुळं वाकायला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमचे डोळे, मामींचे गुडघे आणि नांदेडचे नळ ठीक असतील अशी आशा आहे. आमचा लातूर जिल्हा नवा झाला, पण पाऊस जुन्याच जिल्ह्यात राहिला. बहुधा त्याच्या बदलीचा हुकूम निघाला नसावा. गावची विहीर आटली आहे, बायका माळापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणतात.

मागच्या आठवड्यात दिल्लीहून एक दक्षिणेकडचे साहेब दुष्काळ बघायला आले. टँकर द्यायचा की नाही, हे त्यांच्या हाती. त्यांना मराठी येईना, हिंदीही जेमतेम, म्हणून सरपंच साहेबरावांनी मला पुढं ढकललं. "गुरुजी पोरांना इंग्रजी शिकवतेत, यांचे मामा नांदेडला इंग्रजीचे मास्तर हायेत." (तुमचं नाव असं निघालं, क्षमा असावी.) साहेबांनी विचारलं, पाणी किती लांब? साहेबराव म्हणाले, "जवळजवळ दीड कोस." आता निअर म्हणजे जवळ, हे मी वर्गात रोज घोकून घेतो. तेव्हा जवळजवळ म्हणजे निअर निअर. तसं ठणकावून सांगितलं. कोसाला इंग्रजी शब्द सुचेना, म्हणून तो दीडासकट गाळला. साहेबांचा चेहरा खुलला. 'निअरली' नावाचा एक शब्द आहे आणि त्याची जागा नेमकी इथंच होती, हे मला लगेच आठवलं. पण सगळं गाव माझ्याकडं कौतुकानं बघत होतं.

साहेब माणूस चांगला. त्यांना वाटलं, पाणी आणणाऱ्या बाईलाच विचारावं. गुणाबाई डोक्यावर घागर घेऊन येत होत्या. साहेब अर्ध्यामुर्ध्या हिंदीत म्हणाले, "पानी फार?" त्यांचं फार इंग्रजीतलं, म्हणजे लांब. गुणाबाईंचं फार म्हणजे पुष्कळ. त्या म्हणाल्या, "न्हाई साहेब. फार कुठलं, घोटभर बी न्हाई." साहेबांना त्यातलं 'न्हाई' तेवढं कळलं. मामा, दोन्ही 'फार' कळणारा तिथं मी एकटाच होतो. आणि मी हाताचा खडू पुसत उभा राहिलो. गुणाबाईंचं सुधारून सांगावं, तर माझं निअर निअरही उघडं पडणार होतं.

टँकर शेजारच्या गावाला गेला.

मी साहेबरावांना सगळं सांगितलं. ते शिव्या देते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता माझ्यासाठी मागवलेला चहा परत पाठवला. गुणाबाई मात्र शाळेच्या ओट्यापाशी येऊन म्हणाल्या, "गुरुजी, आमाला बोलता येत न्हाई म्हणून आमी गप. तुमी कामून गप बसलाव?"

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून लातूर गाठलं. साहेब विश्रामगृहात जेवत होते. वाटेत पाठ केलेलं म्हटलं, "नॉट निअर, सर. व्हेरी फार. मिस्टेक माइन." त्यांनी ताट सारलं, मला जीपमध्ये घातलं आणि थेट गावात आणलं. मग भर उन्हात गुणाबाईंच्या मागं झऱ्यापर्यंत चालले. येताना एक घागर साहेबांनी घेतली, एक मी. भाषेची गरज कुणालाच पडली नाही. काल टँकर आला. बायकांनी पहिली घागर माझ्या दारात ठेवली, तेव्हा तर तोंड कुठं लपवावं कळेना.

सौ. प्रेमला तुम्हा दोघांना नमस्कार सांगते.

तुमचा ओशाळलेला भाचा,
रेणुकादास

ता. क. : चूक कबूल करणारा दुभाष्या साहेबांना आवडला म्हणे. जिल्ह्यातल्या उरलेल्या गावांना त्यांच्याबरोबर हिंडायचा हुकूम मला आला आहे. सोमवारी मुरुड. तरी तुम्ही रविवारीच लातूरला यावं आणि जीपमध्ये माझ्या मागं बसून हळूच शब्द सांगावेत, ही विनंती.

ता. क. दुसरा : मामा दूर नांदेडला असतात, हे साहेबांना आधीच सांगून ठेवलं आहे. अवे म्हणजे दूर, हे मला पक्कं ठाऊक. त्याला शोभा यावी म्हणून कुठंतरी वाचलेला 'पास्ड' त्याच्या आधी जोडला. साहेबांनी टोपी काढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि 'व्हेरी सॉरी' म्हणाले. तेव्हा येताना जरा ठणठणीत दिसाल असं या.