भाऊजींचा दुखरा गुडघा आणि कर्नलसाहेबांची शाब्बासकी

बुवापाडा, अंबरनाथ (प.)
१७ सप्टेंबर २००६

आदरणीय दिनानाथदादांना धाकट्या बहिणीचा, भिमाचा जयभीम.

भाऊजींच्या तपासणीच्या दिवशी सकाळी पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या आणि मागे वळून पाहते तर माझे दीर, सुखदेवभाऊजी, दारात बसून बुटांना पॉलिश करतायत. जायचं होतं मेडिकल बोर्डापुढे, परेडला नव्हे! (तुमची शुगर आणि वहिनींचा दमा कसा आहे, ते कळवा.)

त्यांचा गुडघा तुमच्याच पलटणीत, बर्फावर घसरून गेला. तेव्हा वीस टक्के अपंगत्व लागलं. आता जिना चढतानाही डोळ्यांत पाणी येतं. टक्के वाढले तर पेन्शन वाढेल आणि उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यातली बारा तासांची वॉचमनकी सुटेल. (शेठने बिचाऱ्याने स्टूल दिलंय. त्यावर भाऊजी टोपी ठेवतात आणि स्वतः उभे राहतात.)

सगळे कागद मी तीनदा वाचले. (पुड्यांचे कागद वाचत शिकलेली बाई मी, सरकारी हिंदीला घाबरत नाही.) वाटभर पढवलं, दुखतं म्हणा, काठी सोडू नका. "हो वहिनी, हो वहिनी." आणि इस्पितळाच्या दारात काठी माझ्याच हातात दिली! कर्नलसाहेबांपुढे टेकत जाणं शोभत नाही म्हणे. आत गेल्यावर टाच आपटून सॅल्यूट ठोकला. साहेबांनी विचारलं, दर्द है? "नहीं साब!" उकिडवं बसायला सांगितलं, तर बसून उठले. साहेब म्हणाले, शाब्बास. बाहेर आल्यावर हा शाब्बास जवान तिसऱ्या पायरीवर बसला तो उठेना. मी आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने धरून खाली आणला. वर मलाच सांगतात, "वहिनी, साब खूश झाले!"

काल कागद आला. वीसच.

डोकं फिरलं माझं. दोघे भाऊ एकाच मातीचे. आमचे हे छाती धरून दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "काही नाही, जरा गॅस आहे." डॉक्टरांनी गोळी दिली. मी शेजारी उभी होते, गप्प. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

बाकी ठीक.

तुमची भिमा

ता.क. अपिलाचा अर्ज मीच लिहिलाय. पुन्हा बोलावतील तेव्हा तुम्ही या. तुम्ही त्यांचे सुभेदार होतात. दुखतंय तर दुखतंय म्हण, असा एकदा हुकूम द्या. येताना मेडलं लावून या.

आणखी ता.क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं. तरी तुम्ही याच, माझा हुकूम स्टुलापुरताच चालला. पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन कारखान्यावर गेले, स्टुलावरची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली, तुमच्यासारखं "बैठ जाओ!" ओरडले आणि भाऊजी बसेपर्यंत तिथेच उभी राहिले.